पात्र निवडा

रात्रपाळीत भट्टी तापायला चाळीस मिनिटं घेते.
तेवढ्यात उद्यमबागेतल्या कारखान्यामागं, भंगाराच्या भिंतीशी
आम्ही चौघं मोबाईल उघडायचो.

पडद्यावर पाच जण उभे:
योद्धा, जादूगार, तिरंदाज, वैद्य, भुरटा.
संथ गिरक्या घेत राहायचे,
दाखवायला आणलेल्या बैलांसारखे.
एकावर बोट ठेवलं की संपलं.
मग शंभर पातळ्या चढा,
तिरंदाजाला ढाल उचलायची नाही,
वैद्याच्या हातात सुरी येणार नाही.

दस्तगीर दर खेपेला वैद्य.
"मारायला सगळेच आहात की," म्हणायचा,
"तुम्हाला उठवायला कोण?"
तो क्रेनवर असतो. सहा टनांचा साचा
झोपलेलं मूल ठेवावं तसा खाली ठेवतो.

भावकाण्णाला हे पटायचं नाही.
त्याला आयटीआयची खिडकी आठवायची.
फिटरच्या जागा भरल्यात, टर्नर घे.
घेतला.
सतरा वर्षं झाली, अजून टर्नर.
"खेळात तरी, च्यायला,
खिडकीत माणूस कशाला बसवलाय?"

म्हणून त्यानं दुसरा खेळ आणला.
त्यात तू कोण, असं कुणी विचारत नाही.
लाकूड तोडलंस, तोडण्याचा आकडा वाढला.
मार खाल्लास, तर मार खाण्याचाही.
पहिला आठवडा मी नुसते मासे धरले.
इराप्पा भाकऱ्या करपवत राहिला,
आणि एका रात्री त्याच्या भाकरीनं
जखमा भरायला लागल्या.
मिस्त्री ओरडेपर्यंत नाचला तो.

दिवाळीपर्यंत मात्र
आम्ही चौघं एकसारखे झालो.
चौघांकडं तीच तलवार, कारण तिचाच घाव जड.
तोच झाडपाला, तेच चिलखत,
कारण कुणीतरी हिशेब करून ठेवला होता
की याहून बरं काही नाही.
सगळ्यांना सगळं येत होतं.
कुणी कुणाला हाक मारेना.
दस्तगीर खिंडीच्या तोंडाशी उभा राहून
आमच्या लाल होत जाणाऱ्या पट्ट्या बघायचा
आणि आमच्या खिशात आमचंच औषध.
पुढं दोन रात्री त्यानं फोन काढलाच नाही.

मी कुणाच्या बाजूचा, मला विचारू नका.
पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेला
एकच चौकोन होता. मराठी लिहिलं.
त्यात खोटं काहीच नाही.
पण डब्यावरच्या "ऊटा आत?"पासून सुरू झालेली माझी कानडी
आता इराप्पाच्या आईशी गुडघ्यांबद्दल बोलते,
हुक्केरीच्या दवाखान्यात रांगेसाठी भांडते.
तिचा आकडा मी कुठं लिहू?
इराप्पाचं मराठी शिव्यांपासून निघालं.
आता ते माझ्या बायकोच्या आमटीला नावं ठेवतं,
तेही बरोब्बर.

मागच्या शुक्रवारी दस्तगीर सुट्टीवर.
साचा अधांतरी लटकलेला, खाली सगळे गप्प.
भावकाण्णा शिडी चढला.
कुणी नेमलं नव्हतं त्याला.
सतरा वर्षं लेथवरून मान वर करून
त्यानं बघितलं होतं, तेवढंच.
साचा हिसके खात खाली आला. पण आला.
कुठं उजेड पडला नाही, घंटी वाजली नाही.

सोमवारी दस्तगीरनं साच्याचा उडालेला कोपरा
अंगठ्यानं चाचपला.
"कोण बसलावता?"
भावकाण्णानं शाळेतल्यासारखा हात वर केला.
"दांडा ओढताना श्वास धरतोस तू," दस्तगीर म्हणाला.
"सोडायचा. उद्या दाखवतो."

भट्टीला अजून वीस मिनिटं होती.
कुणीतरी जुना खेळ उघडला.
पाच जण गिरक्या घेत तसेच उभे,
जणू आम्ही कधी गेलोच नव्हतो.
भावकाण्णा बराच वेळ बघत बसला
आणि त्यानं वैद्यावर बोट ठेवलं.

"दोन-दोन वैद्य?" दस्तगीर हसला. "मग मारणार कोण?"

"नोडोण," इराप्पा म्हणाला, "बघू की."